साडेतीन फूट रुंद

चुरीकाका कुणाकडेही गेले की आधी गुडघ्यांवर बसतात. नमस्कार वगैरे नंतर. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा रांगतच बैठकीत शिरले, टेबलाखाली डोकावले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "इथे खालून च्युइंगम चिकटवलंय. खाली बसल्याशिवाय घर कळत नाही." ते च्युइंगम कोणाचं, यावर आमच्या घरात अजून वाद आहे.

काका डहाणूजवळ नरपडला आमच्या शेजारी एकटेच राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी मुग्धा नागपूरला बँकेत आहे. बांधकाम खात्यात त्यांनी जन्मभर नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, यांनी रांगायला गुडघ्यांना पट्टे बांधले. त्यांचं म्हणणं, आजवर काढलेली प्रत्येक इमारत त्यांनी स्वतःच्याच उंचीच्या माणसासाठी काढली, लहान पोर कुठल्याच नकाशात नव्हतं.

मी तलासरीच्या शाळेत शिकवते. तिथल्या एका रिकाम्या गोदामात मुलांसाठी आणि आईबापांसाठी खेळघर करायचं ठरलं. त्यासाठीच्या समितीत मी होते, काकांचं नाव मीच सुचवलं. ही बुद्धी मला का झाली, असं समितीचे साहेब नंतर वरचेवर विचारत.

साहेबांच्या आराखड्यात मुलं आत होती आणि आईबाप बाहेर बाकांवर. काकांनी बाक खोडले. "बाप बाहेर बसला की मोबाइल बघतो. आत आणा त्याला!" मग त्यांनी एक घसरगुंडी काढली, तीन फूट रुंद. साहेब म्हणाले, "काका, पोराला मांडीवर घेऊन बाप दोन फुटांत बसतो."

"बसू दे की," काका म्हणाले आणि टेप खटकन मिटला.

आपल्या अंगणात त्यांनी चिकूचे क्रेट रचून, वर फळ्या टाकून नमुना उभा केला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्यावरून घसरवलं. मला आणि माझ्या नवऱ्याला शेजारीशेजारी बसवलं. आम्ही मध्येच अडकलो. काकांनी आमच्याकडे निरखून पाहिलं आणि वहीत सहा इंच वाढवले. दोन मोठी माणसं घसरगुंडीवर कशाला बसतील, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

उद्घाटन बाजाराच्या दिवशी ठेवलं. साहेबांनी बजावलं होतं, "उद्घाटनाला पोरं आली नाहीत, तर दुसऱ्या दिवसापासून गोदाम मंडपवाल्याला भाड्याने." काकांनी आदल्या दिवशी सगळं गोदाम रांगत तपासलं. आलेल्यांची नावं लिहायला दारात स्वतःच्या हाताने टेबल मांडलं.

तिथेच घात झाला. झरी गावाकडून बाजाराला आलेली माणसं टेबल बघून थांबली. चपला काढल्या, पिशवीतून आधार कार्डाची झेरॉक्स काढली आणि रांग लावली. पोरंही रांगेत, चिडीचूप.

"मॅडम, कोणची योजना हाय?" पुढच्या बाप्याने विचारलं.

"योजना नाही हो, खेळायचं आहे."

"हां. मंग फारम कुठं भरायचा?"

मागच्या एकाने तर पासपोर्ट फोटोही आणले होते. रांग पार रस्त्यापर्यंत गेली, आत मात्र एक पाऊल पडेना. साहेब घड्याळ बघत म्हणाले, "मंडपवाल्याला फोन लावू?"

काकांचा चेहरा उतरला. इतका उतरलेला मी कधीच पाहिला नव्हता. मग त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. "माझंच हे! जन्माची सरकारी खोड!" असं म्हणत त्यांनी टेबल उचलून बाहेर नेऊन आडवं केलं, गुडघ्यांवर बसले, रांगत घसरगुंडीपाशी गेले, वर चढले आणि "हो हो हो" करत सुसाट खाली आले. पांढरे केस उभे राहिलेले.

रांगेतली एक चिमुरडी खुदकन हसली. तिने बापाचा हात ओढला.

"मोठ्या माणसानं?" बाप लाजला.

"तुझ्यासाठीच केलीय रे बाबा, ये!" काका ओरडले.

त्याने आपली झेरॉक्स माझ्या हातात दिली आणि पोरीला घेऊन घसरला. मग रांग जी फुटली! दुपारपर्यंत माझ्या हातात झेरॉक्सांचा गठ्ठा जमला. शेवटी साहेबही बूट हातात धरून वर चढलेले दिसले. मंडपवाल्याचा विषय तिथेच संपला.

मे महिन्यात मुग्धा आली. बेचाळिशीची, चष्मा, गंभीर चेहरा. काकांनी तिला खेळघर दाखवलं, मीही बरोबर होते. घसरगुंडीपाशी ते थांबले.

"डहाणूच्या बागेत तू घसरगुंडीवरून हाका मारायचीस," ते म्हणाले. "'बाबा, या ना!' आणि मी खाली नकाशे घेऊन बसलेलो."

"तुम्ही म्हणायचात, मी मावत नाही."

"आता मावतो. तूही मावतेस. मोजून केलीय."

मुग्धाने चष्मा काढला, पर्स माझ्या हातात दिली आणि शिडी चढू लागली, मागोमाग काकाही.

खाली आल्यावर दोघांनाही उठवेना. तिने बापाचा हात घट्ट धरून ठेवला होता. वर पोरांची ही गर्दी झाली आणि सगळी एका सुरात ओरडायला लागली, "आजोबा, सरका ना!"