चुरीकाकांचा पत्ता

चुरीकाकांकडे स्टेपलर मागितला तर ते स्टेपलर देत नसत, चिठ्ठी देत. ‘खिडकीजवळचं कपाट, वरून दुसरा खण, डावा कोपरा.’ हे कपाट त्यांच्याच खुर्चीमागे होतं. हात मागे केला की काम झालं. पण चुरीकाका हात मागे करायचे नाहीत. खिशातून दोनरंगी पेन काढून चिठ्ठीखाली लाल रेघ ओढायचे. लाल म्हणजे फक्त बघा. हिरवी म्हणजे घ्या, वापरा, हवा तो बदल करा. स्टेपलर मला कधीच हिरव्या रेघेत मिळाला नाही.

मी मूळची नांदेडची. बोईसरला, कापड रंगवणाऱ्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले, आणि पहिल्याच दिवशी साहेबांनी मला चुरीकाकांच्या हाताखाली दिलं. सगळं आयुष्य प्रोग्रॅमिंगमध्ये गेलेला माणूस. त्यांचा धडा एकच होता.

“माहिती दुसऱ्याला द्यायची तर दोन वाटा हायत, बाय. नक्कल द्यायची, नायतर पत्ता द्यायचा. नकलेवर त्यानं शाई सांडली तरी तुजं मूळ शाबूत. पत्ता दिलास तर तो थेट मुळालाच हात घालणार. म्हनून पत्ता देताना विचार करायचा, देतोय कोनाला.”

हा धडा ते घरीदारी सगळीकडे लावत. त्याचा कळस दर मे महिन्यात व्हायचा. बाकीचे लोक गावाकडून आंबे, जांभळं घेऊन यायचे. चुरीकाकांची केळव्याला नारळाची वाडी, पण ते ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर एकेक चिठ्ठी ठेवायचे. ‘केळवे, चुरीवाडी, विहिरीपासून चौथं झाड. शहाळी तयार.’ खाली हिरवी रेघ. आम्ही पोट धरून हसायचो. “चार शहाळी उचलून आणायला काय होतं या माणसाला?” असं सगळे म्हणायचे. हिशेबाचं बघणाऱ्या सावेबाई एवढंच म्हणाल्या, “आधी पिशवी भरून आणायचे गं. काकी होत्या तेव्हा.” अकरा वर्षं चिठ्ठ्या निघत होत्या आणि अकरा वर्षांत एकही माणूस तिकडे फिरकला नव्हता. यंदाचा मे शेवटचा, महिनाअखेरीला काका निवृत्त व्हायचे होते.

त्याच महिन्यात मी माती खाल्ली. रंगाचं मिश्रण ग्रॅममध्ये साठवलेलं होतं, संगणकाच्या पडद्यावर ते किलोत दिसायला हवं होतं. मी प्रोग्रॅममधल्या दाखवणाऱ्या भागाला नकलेऐवजी मूळ मिश्रणाचा पत्ता दिला आणि त्याने हजाराने भागून मूळच बदलून टाकलं. पडदा उघडला की रंग हजारपट कमी. कारखान्यातल्या ऑपरेटरने चाचणीच्या दिवशी खात्री म्हणून पडदा दोनदा उघडला. कापड बाहेर आलं तेव्हा त्याने ते माझ्यासमोर धरलं.

“मॅडम, नेवी ब्लू बोला था. ये तो बनियान निकली.”

साहेबांचा पारा चढला. माझी नोकरी गेलीच असं मी धरून चालले होते. पण चुरीकाका उठले आणि म्हणाले, “तपासून मी सोडलं होतं. चूक माजी.” हे साफ खोटं होतं. घाईघाईत मी त्यांना न दाखवताच पाठवलं होतं. साहेबांनी फाइल मिटली. जाणाऱ्या माणसाला काय बोलणार?

नंतर काकांनी माझ्या कोडमध्ये फक्त एक शब्द घातला, ‘कॉन्स्ट’. म्हणजे संगणकाची लाल रेघ. “एक शब्द लिवायचा कंटाळा,” ते म्हणाले, “आनि रंगाचा अख्खा हौद कोरा.” त्या दिवशी मला फार लाज वाटली.

रविवारी सकाळी मी ती शहाळ्यांची चिठ्ठी घेतली आणि स्कूटरवरून पालघर, तिथलंच माहीम करत केळव्याला गेले. विहीर सापडली. चौथं झाडही सापडलं. झाडाखाली दोन पाट मांडलेले, कोयता, पाण्याचा तांब्या आणि चुरीकाका. मला बघून ते दचकलेच.

“कोन? तू? खरंच आलीस?”

“पत्ता बरोबर होता,” मी म्हटलं.

त्यांनी शहाळं सोललं. मी विचारलं, “दर रविवारी दोन पाट मांडता?”

“मे महिन्यात मांडतो.” मग कोयत्याकडे बघत म्हणाले, “ही होती तवा घरात बोलायला मानूस होतं. मंग नारळ आफिसात गेले तरी चालायचे. आता पिशवीतून पाठवला तर नारळ पोचेल गं. मानूस कसा येईल इथं?”

अकरा वर्षं सगळं ऑफिस ज्या चिठ्ठीला हसलं ते बोलावणं होतं. मी चिठ्ठी उलटी केली आणि पेन मागितलं. कुठल्या खणात आहे ते आता सांगतील, असं वाटलं. पण त्यांनी खिशातलं दोनरंगी पेन काढून सरळ माझ्या हातात दिलं.

मी लिहिलं, ‘बोईसर, नवापूर रस्ता, पिठाच्या गिरणीवर तिसरा मजला, उजवीकडचं दार.’ खाली लांबलचक हिरवी रेघ ओढली. काकांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि चिठ्ठी खिशात जपून ठेवली.

“लाल असती,” ते म्हणाले, “तरी आलो असतो.”