नूरभाईंनी इंजिन धुतलं

नूरमहंमदभाईंच्या मते इंजिनाचं काळीज ओळखणारी माणसं जगात दोनच. त्यातला एक जपानी होता, तो वारला. उरले पेणचे नूरभाई!

चोवीस वर्षं त्यांनी कुवेतमध्ये कंपनीची बस चालवली होती. मुलगी झाली त्या साली त्यांनी एक पांढरी मारुती घेतली आणि परत कुवेतला गेले. त्यामुळे हिना आणि गाडी एकाच वयाच्या. "दोघींना मीच वाढवलं," असं ते येईल-जाईल त्याला सांगत. खरं तर हिनाला त्यांच्या बायकोनं, रिझवानाबींनी, वाढवलं होतं आणि गाडी दारात उभी होती.

आता हिनाचं रोह्याच्या जुहेबशी ठरलं होतं. मुलगा सोन्यासारखा, घर चांगलं, सगळं छान. पण जुहेबचे वडील मुझम्मिलभाई यांचं रोह्यात पीयूसी सेंटर! म्हणजे दिवसभर लोकांच्या गाड्यांचा धूर तपासून सर्टिफिकेट देणारा माणूस. पहिल्याच भेटीत नूरभाईंनी त्यांच्यापुढे गाडीची तारीफ इतकी लांबवली की चहावर साय धरली. शेवटी मुझम्मिलभाई हसून म्हणाले, "मंगनीला गाडी घेऊनच या. आमालाबी ऐकू द्या इंजिन."

झालं! नूरभाईंना वाटलं, ही परीक्षाच. गाडीनं एकदा जरी खोकलं, तरी मुलीची मान खाली जाणार.

मंगनी रविवारी. शनिवारी दुपारी नूरभाई लुंगी खोचून अंगणात उतरले. हातात इंजिन साफ करायच्या औषधाचा डबा. शेजारचे पुंडलिक कुंपणावर हात टेकून बघत उभे राहिले. पुंडलिक म्हणजे आधी धरमतरला मिठागरात आणि मग डोलवीला कंपनीत शिफ्ट करून रिटायर झालेले गृहस्थ. शंका काढणं हा त्यांचा आता पूर्णवेळ धंदा.

"काय ओतताव, नूरभाय?"

"जुलाब!" नूरभाई म्हणाले. "चोवीस वर्षांचा गाळ साचलाय इंजिनाच्या पोटात. हे वरून ओतायचं, दहा मिनटं इंजिन चालू ठेवायचं, मग खालचा बोल्ट उघडायचा. गाळ भडाभडा बाहेर!"

"आनि त्या गाळावरच गाडी चालत आसल तर?"

नूरभाईंनी डबा इंजिनात रिकामा केला आणि चावी फिरवली. जगात दोनच माणसांना कळतं म्हटल्यावर तिसऱ्याशी काय बोलायचं!

दहा मिनिटं झाली. नूरभाईंनी गाडी जॅकवर चढवली, स्वयंपाकघरातली मोठी परात पळवली आणि पाना घेऊन खाली सरकले. खाली बोल्ट दिसले दोन. चोवीस वर्षांच्या अनुभवानं त्यांनी त्यातला एक निवडला आणि पिळला. परातीत तेल पडू लागलं.

तेल स्वच्छ होतं! मधासारखं, सोनेरी, घट्ट! गाळाचा कणसुद्धा नाही!

"पुंडलिक, बघ! चोवीस वर्षं! आनि आतून अशी!" नूरभाई गाडीखालूनच ओरडले.

"मंग गाळ गेला कुठं?"

"नव्हताच! गाडी कुनाची हाय?"

तेवढ्यात रिझवानाबी परात शोधत बाहेर आल्या. परात दिसली, पण परातीत हात घालायच्या आधीच त्यांनी नाकाला पदर लावला. "या अल्ला! वास कसला ह्यो? सडक्या अंड्याचा?"

"औषधाचा," नूरभाई म्हणाले. "आन् ती परात मी धुतो."

"धुवू नका. तुमीच ठेवा!"

बोल्ट परत बसवून नूरभाईंनी इंजिनात तीन लिटर नवं तेल ओतलं. मग तेल मोजायची पट्टी ओढून बघितली. तेल वरच्या खुणेच्याही चार बोटं वर! दुसरा कुणी असता तर विचारात पडला असता. नूरभाई म्हणाले, "बरकत!" आणि बॉनेट लावलं.

हिनानं दारातून हळूच विचारलं, "अब्बा, उद्यासाठी भाड्यानं गाडी सांगू काय?"

नूरभाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की बिचारी आत गेली.

रविवारी सकाळी स्वारी निघाली. नूरभाई शेरवानीत, शेजारी रिझवानाबी, आणि मागं घरचं वडीलधारं माणूस म्हणून पुंडलिक. त्यांच्या अंगात पांढराशुभ्र शर्ट आणि मांडीवर सांदणांचा मोठा डबा. नारळाच्या दुधातली, कापसासारखी सांदणं! रिझवानाबी पहाटेपासून वाफवत होत्या. मंगनीला मुलीनं जायचा रिवाज नाही, म्हणून हिना घरीच.

गाडी गल्लीच्या टोकाला पोचली आणि मागून धूर निघाला. धूर म्हणजे थोडाथोडका नाही. गल्ली गेली, घरं गेली, समोरच्या गणपतीच्या कारखान्यातल्या माणसांनी पांढऱ्या मूर्ती काळ्या पडू नयेत म्हणून धडाधड दारं लावली! कोपऱ्यावरच्या सीताबाईंनी ओट्यावरून आरोळी ठोकली, "तोंडं झाका गो! नगरपालिकेची मच्छरांची गाडी आयली!" आणि वर गाडीमागं चार पावलं धावत, "आरं, आमच्या गटाराकडंबी जरा थांब!"

"इंजिन साफ होतंय," नूरभाई म्हणाले. "राहिलासाहिला मळ जळतोय."

वडखळच्या नाक्यावर एका हॉटेलवाल्यानं वड्यांची परात झाकली आणि मग स्वतःला झाकलं. मागच्या ट्रकनं दिवसाउजेडी हेडलाइट लावले. नूरभाई समोर बघत राहिले. आरशात बघायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं, कारण आरशात काही दिसतच नव्हतं.

नागोठण्याच्या पुढं नवीनच प्रकार सुरू झाला. आधी मच्छर गुणगुणावा तसा आवाज. मग शिलाई मशीन. भिसे खिंडीत चढ लागला तसा कुणीतरी गळा काढून रडू लागलं.

"कोन रडतंय गो?" पुंडलिकांनी डबा घट्ट धरला.

"मी नाय अजून," रिझवानाबी म्हणाल्या.

रडत रडत गाडी रोह्यात पोचली. मुझम्मिलभाईंच्या गल्लीच्या तोंडाशी नूरभाईंनी गिअर बदलला आणि काडकन् आवाज झाला. पहिला पडेना. दुसरा पडेना. तिसऱ्याचं नाव नको. घामानं डबडबून त्यांनी दांडा सगळीकडं फिरवला. पडला तो एकच. रिव्हर्स!

दोनशे पावलांवर मंडप दिसत होता. दारात व्याहीमंडळी फुलं घेऊन उभी.

"चालत जाऊ या," रिझवानाबी म्हणाल्या.

"मुलीचा बाप चालत जाईल? मग गाडी कशाला आनली?" नूरभाईंनी खाली उतरून गाडी ढकलून उलटी वळवली, परत आत बसले आणि रिव्हर्समध्ये निघाले. पुंडलिकांनी खिडकीतून मुंडी काढली. "येऊंद्या! येऊंद्या! बकरी हाय! डावीकडं! येऊंद्या!"

आता रिव्हर्समध्ये एक अडचण असते. गाडीचा धूर मागून निघतो, आणि ह्या वेळी मागची बाजू पुढं होती! त्यामुळं आधी मंडपात धूर पोचला. मग रडणं पोचलं. मग पुंडलिकांची मुंडी. आणि सगळ्यात शेवटी, पाठमोरे, मुलीकडचे लोक.

गाडी थांबली. धुरातून खोकत खोकत मुझम्मिलभाई पुढं आले. पांढरा कुर्ता आता राखाडी झालेला. आयुष्यभर त्यांनी धूर तपासला होता, पण धूर आपणहून घरी आलेला पहिल्यांदाच पाहत होते.

नूरभाई उतरले. संपलं, त्यांना वाटलं. आता हिनाला काय सांगू?

"काय काय केलंत गाडीला?" मुझम्मिलभाईंनी विचारलं.

नूरभाईंनी सगळं सांगितलं. औषध, दहा मिनिटं, सोनेरी तेल, नवं तेल.

"बोल्ट कुठला उघडलात?"

शेरवानी सावरत नूरभाई वाकले आणि बोट दाखवलं. मुझम्मिलभाई बराच वेळ त्या बोटाकडं बघत राहिले.

"नूरभाई," ते हळूच म्हणाले, "तो गिअरबॉक्सचा. तुमी गिअरचं तेल काढलंत. इंजिनातलं जुनं तसंच राहिलं, त्यात औषध, त्यावर तीन लिटर नवं."

मुझम्मिलभाईंच्या बायकोनं, इशरतबींनी, विचारलं, "म्हंजे काय झालं?"

"म्हंजे जुलाब दिला," मागून पुंडलिक म्हणाले, "आनि संडासला कुलूप लावलं!"

पहिल्यांदा रिझवानाबी खो खो हसत सुटल्या. मग इशरतबी. मग मुझम्मिलभाई डोळे पुसत गाडीच्या टपावर थापा मारू लागले. "अवो, मी आपला बोलायचं म्हनून बोललो व्हतो! तुमी गाडीखाली शिरलात?"

"मुलीची मान खाली नको," नूरभाई पुटपुटले.

मुझम्मिलभाईंनी हसू आवरलं, नूरभाईंना कडकडून मिठी मारली, आणि मग कुर्त्याच्या बाह्या सारून स्वतः गाडीखाली शिरले. बरोबर बोल्ट उघडला. आणि काय सांगू! काजळासारखा, डांबरासारखा, गोळ्यागोळ्यांनी गाळ बाहेर आला! बादली भरली. गल्लीतली माणसं बघायला जमली.

"बघा!" नूरभाईंची मान एकदम ताठ झाली. "औषध अस्सल होतं!"

मंगनी दणक्यात झाली. सांदणं बोटं चाटून खाल्ली गेली. इशरतबींनी रिझवानाबींना बाजूला घेऊन विचारलं, "सांदणाला धुराची चव कशी गो दिली? आमाला जमत नाय." रिझवानाबींनी सांगितलं, "त्याला आमच्याकडं वेगळं भांडं हाय."

संध्याकाळी तिघं एसटीनं परत निघाले. नागोठण्याला हिनाचा फोन आला. "अब्बा, सगळं नीट झालं ना? गाडीनं तरास नाय ना दिला?"

"तरास? अगो, मुझम्मिलभाईंना गाडी इतकी आवडली की ठेवूनच घेतली!"

पलीकडं खुसखुस. "अब्बा, जुहेबनं व्हिडिओ पाठवलाय. तुमी गल्लीत आलात त्याचा."

नूरभाईंनी घसा खाकरला. पुंडलिकांकडं पाठ केली आणि फोन तोंडाशी धरला.

"धुरात मी दिसतो काय गो?"

"नाय, अब्बा."

"मग ठीक हाय," नूरभाई म्हणाले. "पुंडलिक चालवत व्हता म्हनून सांग."