दोन्या ओतिलियाची सुधारणा

ज्याला सुधारायचं, तो आधी बिघडलेला असावा लागतो. सगळ्या कल्याणकारी संस्था याच पायावर उभ्या असतात, आणि होंडुरासच्या डोंगरातल्या लहान कॉफीवाल्यांना शाश्वत शेतीकडे नेणारी संस्थाही त्याला अपवाद नव्हती. दोन्या ओतिलियाचं (दोन्या म्हणजे तिकडची 'बाई') घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं.

तिला हवं होतं एक वाळवणघर. चार खांब, वर प्लॅस्टिकचं छप्पर, आत जाळीच्या मांडण्या. ऐन तोडणीत डोंगरावर भुरभुर पाऊस लागतो, अंगणात पसरलेली कॉफी काळी पडते आणि दलाल नाक मुरडून ती मातीमोलाने उचलतो. आणखी एकदा असं झालं, की तिचा नवरा अबुंदियो कामासाठी उत्तरेला, अमेरिकेत, निघणार होता. तिकडे गेलेला माणूस परत येतो तो फोनवरच, हे तिने शेजारणींच्या घरी पाहिलं होतं.

संस्था वाळवणघर फुकट देत असे (पात्र ठरलेल्यांना). ऑक्टोबरात संस्थेचे इंजिनिअर बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म घेऊन आले. कॉफीवर सावली धरणारे ग्वामाचे एकतीस वृक्ष. मधे केळी. खत घरचं. औषधफवारणी नाही. पक्षी : मोजता आले नाहीत (गोंगाट फार).

"बाई, तुमचं सगळंच उत्तम आहे," इंजिनिअर खिन्न होऊन म्हणाले. "सुधारणेला वाव शून्य टक्के."

"मग उत्तमाला काही देत नाही का तुम्ही?"

"देतो की, प्रशस्तिपत्र. पण तेही सुधारल्यावरच."

कुंपणापलीकडच्या फाउस्तिनोने चार वर्षांपूर्वी सगळी झाडं पाडली होती आणि इतकं तणनाशक मारलं होतं, की बेडकांनीही गाव सोडला होता. तो शंभर टक्के पात्र ठरला. (त्याने त्यासाठी कष्टही घेतले होते, हे नाकारता येणार नाही.) महिन्याभरात त्याचं वाळवणघर उभं राहिलं.

"ओतिलिया, तुझं अख्खं आयुष्य नियमात गेलं गं! वाया गेलीस!" तो कुंपणावरून ओरडला.

त्या हिवाळ्यातही तिची कॉफी काळी पडली. अबुंदियो म्हणाला, "मका पेरला की निघतो." ओतिलिया चुलीकडे तोंड करून पोटभर रडली.

एप्रिलात, चंद्र उतरणीला लागल्यावर, दोघांनी दरवर्षीसारखी ग्वामाची छाटणी केली. पाला खाली खताला, फांद्या चुलीला. झाडं भुंडी दिसतात, पावसात पुन्हा फुटतात. हे त्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. फॉर्मला ठाऊक नव्हतं.

संस्थेने फाउस्तिनोला सावलीसाठी लावायला दिलेली बोटभर रोपं मोजायला आलेले इंजिनिअर कुंपणापाशीच थबकले.

"देवा रे! बाई, हे काय करून बसलात?"

"अहो, छाट..." ओतिलियाने तोंड उघडलं. अबुंदियोने तिच्या पायावर पाय दिला.

"लाजू नका," इंजिनिअर हळुवारपणे म्हणाले. "चूक कबूल करणं ही पहिली पायरी."

ओतिलियाने नवऱ्याच्या बांधलेल्या पिशवीकडे पाहिलं. "चुकलंच हो, इंजिनिअरसाहेब," ती म्हणाली.

सावली चार टक्के भरली. फोटो निघाले. तीन आठवड्यांत वाळवणघर आलं आणि अबुंदियोने पिशवी सोडली.

पाऊस पडला, ग्वामा फुटला. ऑक्टोबरात सावली एक्याऐंशी टक्के भरली. 'संस्थेच्या मार्गदर्शनाने सहा महिन्यांत वीसपट वाढ,' असं अहवालात आलं. (मार्गदर्शन म्हणजे एक टोपी आणि दोन तासांचं भाषण. भाषणात ओतिलियाला छान झोप लागली होती.) पुढच्या वर्षी उतरत्या चंद्रात डोंगरातली साठ कुटुंबं बिघडली आणि पात्र ठरली.

आता ओतिलियाच्या बागेचे दोन फोटो कॉफीच्या पाकिटावर असतात. डावीकडे एप्रिल, उजवीकडे ऑक्टोबर, खाली 'तुमच्या एका कपाने हे जंगल परत आलं'. दरवर्षी नवे फोटो, त्याच बागेचे. तुम्ही तेच पाकीट दुप्पट पैसे मोजून आणता, उजवा फोटो बघून तुम्हाला भरून येतं, आणि त्या भरात तुम्ही दुसरा कपही घेता. ओतिलिया तुमची मनापासून आभारी आहे. तिला धास्ती एकच, की एखाद्या वर्षी कुणीतरी जुनं आणि नवं पाकीट शेजारी ठेवून बघेल.

"काही बघत नाहीत," अबुंदियो तिला समजावतो. "भली माणसं आहेत ती. त्यांना बरं वाटलं की झालं."