मान हलली आणि दवाखाना रिकामा झाला

वेळ कसा काढावा, हे जगानं माझ्याकडून शिकावं! असं मी नवऱ्याला कंबरेवर हात ठेवून ऐकवलं होतं. तो "बरं" म्हणाला. त्या "बरं"कडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

झालं असं, की ठमीच्या जन्मानंतर मी पहिल्यांदाच नाचाच्या क्लासला परत गेले होते. कार्यक्रम तोंडावर आलेला आणि समूहनृत्यात एकच जागा उरलेली. बाईंनी मला नाचताना पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"मान दगडाची आणि डोळे बाजारात मांडलेल्या माशाचे! शुक्रवारी पुन्हा बघते. जमलं तर जागा तुझी. नाहीतर पडदा ओढायला ये, तिथेही माणूस लागतो."

पडदा! लग्नाआधी मी पहिल्या रांगेत नाचायचे हो!

आता सराव करायचा कुठे? घरी पाय आपटला, की अडीच वर्षांची ठमी ओठ काढते. "आई, मी नाही सांडलं!" बिचारीला वाटतं, मी रागावलेय. मग नाच राहतो बाजूला आणि मी तिचे पापे घेत बसते.

पण माझं डोकं काही साधं नाही! मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. हात फोनवर, कान डॉक्टरांच्या हाकेवर. मान आणि डोळे मात्र दिवसभर बेकार! म्हटलं, लावा त्यांना कामाला.

सोमवारी जरा लाजत सुरुवात केली. मान डावीकडे, मान उजवीकडे. डोळे दाराकडे, डोळे पुन्हा समोर. बुधवारपर्यंत मान तेल दिलेल्या बिजागरीसारखी फिरायला लागली. तेवढ्यात समोर एक हेडमास्तर येऊन बसले. गाल असा सुजलेला, जणू आत लिंबू लपवलंय!

"डॉक्टर बरे आहेत ना हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो, हो! एकदम छान!" मी म्हणाले. तोंडानं. मान आपली तालात नाही-नाही करत होती आणि डोळे बाहेरच्या दाराकडे धावत होते.

हेडमास्तर पांढरेफटक पडले. "समजलो," ते पुटपुटले. "फार उपकार झाले, ताई." आणि शाळा सुटल्यासारखे पळाले!

किती सभ्य माणूस, मला वाटलं.

मग एक बस कंडक्टर गेला. मग दोन बहिणी, एकमेकींना ओढत. डॉक्टर दर तासाला बाहेर डोकावायचे. "काय हो, या आठवड्यात सगळ्या गावाचे दात बरे झाले की काय?"

"असतील," मी म्हणायचे. आणि पुन्हा मान!

शुक्रवारी एक आजी आल्या. माझ्याकडे टक लावून बघत बसल्या आणि न बोलावताच थेट आत घुसल्या. त्यांचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

"डॉक्टर, तुमची ती पोर येणाऱ्याजाणाऱ्याला खुणा करून घालवतेय! गुणी आहे हो, जीव वाचवतेय सगळ्यांचा. मला काय, माझे दात आधीच गेलेत, म्हणून आले आत!"

डॉक्टर हातमोजे न काढताच बाहेर आले. खुर्च्या रिकाम्या. मी एकटी, मान अर्ध्यात थांबलेली.

"दाखवा," ते म्हणाले. "काय करत होतात ते."

नोकरी गेलीच, असं धरून मी दाखवलं. मनापासून दाखवलं. डॉक्टर चक्क दोन पावलं मागे सरकले.

"बाप रे! मीसुद्धा थांबलो नसतो!"

मग मी सगळं सांगितलं. क्लास, जागा, पडदा, ठमी. सांगता सांगता रडूच फुटलं. डॉक्टरांनी मला कापूस दिला, तोच हाताशी होता.

"आज लवकर जा," ते म्हणाले. "तसंही आहे कोण इथे? पण उद्या पळालेल्या एकेकाला फोन करायचा. 'मी नाचत होते' असं तुमच्याच तोंडानं सांगायचं."

मी धावत क्लासला. बाई समोर बसल्या, मी सुरू केलं. त्यांचे डोळे विस्फारले.

"अगं, काय बोलतात तुझे डोळे!"

"फारच बोलले बाई, या आठवड्यात."

"आणि मान! लोणी नुसतं! बरं, आता पायांसकट कर."

पाय? ते तर आठवडाभर टेबलाखाली आराम करत होते! डावा टाकायचा तिथे उजवा पडला, आणि डावा कुठे पडला, ते शेजारी उभ्या मुलीच्या अंगठ्याला विचारा! ती एका पायावर नाचत कोपऱ्यात गेली.

बाईंनी आधी तिच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्या मानेकडे.

"मागच्या रांगेत उभी राहा," त्या शेवटी म्हणाल्या. "तिथे पाय दिसत नाहीत."

घरी येऊन मी ठमीला उचललं आणि गरागरा फिरवलं. जागा मिळाली होती मला! कमरेपासून वर का होईना!