आराधनाची टीईटी आणि नोहाची परात

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी परीक्षा देणाऱ्याच्या घरी प्रार्थना ठेवायची आणि ती संपल्यावर आलेल्या सगळ्यांना जेवू घालायचं, ही पद्धत ज्याने कोणी सुरू केली त्याने जन्मात एकही परीक्षा दिलेली नसणार. दिली असलीच, तर त्या दिवशी त्याच्या घरचा स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी केला असणार. आणि ही पद्धत सुरू करणारा बाप्याच होता, याबद्दल नोहाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

उद्या त्याच्या बायकोची, आराधनाची, टीईटी होती. शिक्षिका व्हायचं तर ती पास होणं भाग, आणि गेल्या खेपेला ती थोडक्यात हुकली होती. बालमानसशास्त्राचा अख्खा भाग अजून वाचायचा होता. तिला यश मिळावं म्हणून संध्याकाळी सोनईहून नोहाचे शमुवेल मामा, मामी आणि चर्चच्या मंडळीतली माणसं प्रार्थनेला येणार होती. आणि त्यांच्यासाठी भाकरी थापायच्या होत्या कुणी? आराधनाने! म्हणजे देवाकडे तिच्यासाठी यश मागायचं, आणि ते चुकूनसुद्धा मिळू नये म्हणून तिला गॅसपुढे उभं करायचं!

"आज स्वयंपाक मी करणार," नोहाने सकाळीच जाहीर केलं.

त्याची आई पुष्पावती लसूण सोलत होती. तिने वर बघितलं नाही. "कुणाचा?"

"सगळ्यांचा."

"आणि जेवणार कोण?"

(सुधारकाला पहिला विरोध घरातूनच होतो, असं नोहाने कॉलेजात वाचलं होतं. त्यामुळे त्याला उलट बरंच वाटलं.)

"आराधना दिवसभर दार लावून अभ्यास करेल. तिला कुणी हाक मारायची नाही."

"मग मी हाताखाली असू का?"

"अजिबात नाही. तूही बाईच आहेस," नोहा म्हणाला. पुष्पावतीने लसणाची वाटी उचलली आणि पुढच्या खोलीत जाऊन बसली.

नोहा नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपच्या ऑफिसात होता, आणि जगातल्या प्रत्येक अडचणीवर कुठेतरी एक तयार पद्धत असते, अशी त्याची श्रद्धा होती. ही पद्धत त्याला मोबाईलवर सापडली. अमेरिकेतल्या कुणा बाईंनी बीफचा खिमा, नूडल्स आणि चीज पसरट भांड्यात थरावर थर लावून ओव्हनमध्ये सारलं, हात पुसले आणि सोफ्यावर जाऊन बसल्या. पदार्थाचं नाव कॅसरोल. कमी खर्चात घरभर जेवण! ना भाकरी, ना रस्सा, ना बाईची कंबर मोडणं.

महिनाअखेर होती, बकऱ्याचं मटण परवडणारं नव्हतंच. म्हशीचा खिमा स्वस्तात मिळाला. बाईंनी घातलेलं मश्रूमचं डबाबंद सूप नागापुरात कुणी ऐकलेलंही नव्हतं, म्हणून त्याने दूध आणि कॉर्नफ्लॉवरवर भागवलं. चीज मात्र भरपूर लागलं. इतकं, की त्या पैशात बकऱ्याचं मटण आरामात आलं असतं. (हे त्याने घरी सांगितलं नाही.)

दुपारी त्याने आराधनाला आतल्या खोलीत बसवलं, दार ओढून घेतलं आणि क्रांतीला सुरुवात केली.

"आराधना! उठू नकोस हं! फक्त सांग, गरम मसाला कुठंय?"

"निळ्या डब्यात."

"बरं. वाच तू... आराधना! निळे डबे दोन आहेत!"

"झाकण तुटलेला."

"उठू नकोस! सापडला!"

थोड्या वेळाने दार उघडलं आणि एक पळी आत आली. पळीमागून नोहा आला. "मीठ बघ जरा."

"अहो, मी वाचतेय."

"वाच की. तोंड तर मोकळंच आहे."

तिने चाखलं. "मीठ घातलंच नाहीये."

नोहा गेला आणि परत आला. "आता?"

"आता मीठच आहे, बाकी काही नाही."

"दार लावून काय उपयोग?" बाहेरून पुष्पावतीचा आवाज आला. "तू दारातच राहतोयस!"

दिवस कलेपर्यंत आराधनाच्या गाइडचं एक पान उलटलं होतं, आणि तेही पंख्याने.

खिमा, नूडल्स, पांढरा रस आणि चीज यांचे थर घरातल्या सगळ्यात मोठ्या परातीत बसले. नोहाने पुढची पायरी वाचली: ओव्हन आधी तापवून घ्या. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की घरात ओव्हन नाही. (ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होती. त्यालाही होती. पण विचारात गढलेल्या माणसाच्या अशा किरकोळ गोष्टी नजरेतून सुटतात.)

पण नाताळात सगळी वस्ती नानकटाईचे ट्रे घेऊन तौफिकभाईंच्या बेकरीवर जातेच. नानकटाई भाजणारी भट्टी खिम्याला काय नाही म्हणणार? प्रश्न एवढाच होता, की स्कूटर चालवताना परात धरणार कोण. नोहाने हळूच बंद दाराकडे पाहिलं.

"फक्त पाच मिनिटं," तो म्हणाला.

एमआयडीसीच्या रस्त्याने त्या संध्याकाळी एक स्कूटर चालली होती. मागे आराधना, तिच्या मांडीवर परात, परातीवर झाकण म्हणून ताट, आणि ताटावर उघडं गाइड.

"अहो हळू! चीज ओघळतंय!"

"तू पुस्तकात बघ!" नोहा ओरडला आणि गतिरोधकावरून गेला.

तौफिकभाईंनी ताट उचलून आत वाकून बघितलं. "हे काय हाय?"

"कॅसरोल. एकशे ऐंशी डिग्रीला ठेवा."

"भट्टी हाय ती भाऊ, एसी न्हाई. आन् टोस्टाशेजारी खिमा ठिवला तर उद्या गिऱ्हाईक टोस्टाबरोबर कांदा मागंल. आदी टोस्ट निघू द्या, मग बघू."

तेवढ्यात पुष्पावतीचा फोन आला. मामा आले होते. सगळेच आले होते.

"आराधना, तू बस इथं बाकावर," नोहा म्हणाला. "चीजला सोनेरी रंग आला की यांना काढायला सांग. मी तिकडं सांभाळतो." आणि तो गेला.

घरी सतरंजीवर माणसं बसली होती. मामांनी चष्मा पुसत विचारलं, "आराधना कुठंय?"

"बेकरीत."

"उद्या परीक्षा, आणि पोरगी बेकरीत?" मामी म्हणाल्या. "आणि जेवण रे?"

"तेही बेकरीत."

"मग आम्हालाही तिकडंच बोलवायचं," मामा म्हणाले. पण त्यांनी डोळे मिटले, कारण त्यांच्या प्रार्थनेला कुणाच्या हजेरीची गरज लागत नसे. "हे दयाळू पित्या! तुझी लेक आराधना या घटकेला जिथं कुठं असेल, तिथं तिचं मन विचलित होऊ देऊ नकोस. तिला इकडंतिकडं बघू देऊ नकोस. तिची दृष्टी पुस्तकावरून तसूभरही हलू देऊ नकोस!"

"आमेन!" सगळे म्हणाले. नोहा सगळ्यांच्या वर म्हणाला.

मामांची प्रार्थना संपायला वेळ लागतो, हे पुष्पावतीला जन्मापासून माहीत होतं. तिसऱ्या 'हे पित्या'ला ती हळूच उठून आत गेली. मागोमाग मामी पदर खोचत गेल्या. त्यांच्यामागे शेजारच्या लंकाबाई, ज्या फक्त प्रार्थनेला आल्या होत्या. आतून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला, पिठल्याला फोडणी बसली, आणि त्या वासाने बाहेरचे लोक भराभर आमेन म्हणू लागले.

नोहा धावत आत गेला. "आई, निदान आज तरी बायकांनी..."

"बाजूला हो, तवा तापलाय."

लोक पिठलंभाकरी खाऊ लागले तेव्हा बाहेर बेकरीचा टेम्पो थांबला. आधी आराधना उतरली. तिचा चेहरा नुसता उजळला होता.

"अहो, सगळा भाग झाला! दोनदा वाचला! तिथं कुणी एक हाकसुद्धा मारली नाही!"

"आणि सोनेरी रंग?" नोहाने विचारलं.

आराधनाचा हात तोंडावर गेला. मागून तौफिकभाई परात घेऊन आले आणि त्यांनी ताट काढलं. आत डांबरी रस्त्याचा एक गोल तुकडा होता. मामांनी बोटाने ठोकून पाहिला. टणटण वाजला.

"म्या दोन डाव इच्यारलं, काढू का," तौफिकभाई म्हणाले. "ताई दोन्ही डाव पान उलटून 'हूं' म्हनल्या. 'हूं' म्हंजे काढू का ठिवू, कसं कळनार?"

मामांनी वर छताकडे पाहिलं. आपली प्रार्थना इतक्या शब्दशः ऐकली जाईल, असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

नोहा मात्र खचला नाही. खचला तर सुधारक कसला! हातातला भाकरीचा तुकडा उंच धरून तो म्हणाला, "जळू द्या ती परात! अभ्यास झाला की नाही? आज या घरातल्या एका बाईला स्वयंपाकातून मोकळं केलं की नाही?"

आत लंकाबाई उरलेल्या लहान परातीत पुढचा गोळा मळत होत्या. कपाळावरचा घाम मनगटाने पुसून त्या म्हणाल्या, "व्हय रे बाळा, केलंस. एकीला मोकळं करायला आमी तिघी लागलो. आता आमाला मोकळं करायचं तेवढं मनात आनू नकोस, तेवढ्या बाया न्हाईत नागापुरात."