पूजेतली गिटार

खंडेनवमीच्या दुपारी निरंजन आंघोळ करून बाहेर आला, तर गिटार जागेवर नव्हती. ती देव्हाऱ्यापुढं, वडिलांच्या, म्हणजे रंगरावांच्या, पाना-पक्कडीच्या रांगेत, हळदीकुंकू लावून आणि झेंडूची माळ घालून आडवी झाली होती.

"आई! संध्याकाळी माझा कार्यक्रम आहे!"

"असंल. हत्याराची पूजा झालीया. आता उद्यापतूर हात लावायचा न्हाई," दुर्गाबाई म्हणाल्या.

कार्यक्रम साधासुधा नव्हता. चाकणच्या कंपनीत शिफ्टा करून, बँडला बाजूला ठेवून निरंजननं एकट्याचा सोलो अल्बम केला होता. आज चिंचवडच्या एका कॅफेत तो पहिल्यांदा लोकांसमोर वाजवणार होता. बँडचा गायक नवनाथ तोंडावर म्हणाला होता, "माझ्या आवाजाशिवाय तुला कोण ऐकणार, राव?" ते निरंजनच्या फार जिव्हारी लागलं होतं.

त्यानं गिटारच्या दुकानात फोन केला. मालक म्हणाला, "सगळ्या पूजेत मांडल्यात. दसऱ्याला या." ज्या गावात आज स्क्रू ड्रायव्हरसुद्धा रजेवर, तिथं गिटारीची काय कथा! शेवटी नाक मुठीत धरून त्यानं नवनाथलाच विचारलं.

"माझी पण पूजेत आहे, भावा," नवनाथ खुशीत म्हणाला. "पण येतो मी, तुझी मजा बघायला."

निरंजन रडकुंडीला आला. तेव्हा रंगरावांनी पेपर खाली ठेवला. "अगं, भजनात देवापुढं पेटी-मृदंग वाजतातच की. ते काय कामाला जुंपले म्हणायचे का?"

दुर्गाबाईंनी बराच विचार केला. "देवाम्होरं वाजीव. पर हितंच. उंबऱ्याभाईर न्यायची न्हाई."

झालं! ग्रुपवर मेसेज गेला आणि कॅफेचा कार्यक्रम निरंजनच्या दापोडीतल्या दोन खोल्यांच्या घरात आला. गिटारीचा आवाज वाढवणारा अॅम्प पूजेत नव्हता, ही देवाचीच कृपा. पहिलाच सूर असा कडाडला की गिटारीवरचं कुंकू उडून समोरच्यांच्या कपाळाला लागलं. कंपनीतली पोरं जिन्यात नाचू लागली. शेजारच्या सुमनताई दार आपटत आल्या, सगळ्यांना वाटलं आता भांडण.

"अरे, ते मघाचं परत वाजव की!" त्या ओरडल्या.

निरंजननं परत वाजवलं. आनंदानं त्याला हसू आवरेना.

मजा बघायला आलेला नवनाथ दारात अडकला होता. दुर्गाबाईंनी त्याच्या हातात ताट दिलं. "नुसता काय थांबलास? परसाद वाट."

बँडच्या मुख्य गायकानं गल्लीभर पेढे वाटले. शेवटचा निरंजनच्या हातावर ठेवत तो हळूच म्हणाला, "भावा, तुझ्या पुढच्या सोलोत मला घेशील का?"