दौलतकाकांचं जवळचं भिंग

आमचे शेजारी दौलतकाका मिठाची बंद पिशवीसुद्धा निवडून घेतात. वरची कधीच नाही. दुकानदाराला ढीग उपसायला लावून खालची एखादी ओढतात, कानाशी हलवून पाहतात आणि वर ऐकवतात, "निवडल्याबिगर आपुन काही घेत नसतो." इंझोरीला त्यांचा वांग्यांचा मळा आहे. कारंज्याच्या बाजारात ते स्वतः विकायला बसतात, आणि तिथे एखाद्या बाईने वांगं नुसतं उलटून पाहिलं तरी खवळतात. "माह्या वांग्याले हात लावाचा नाही! म्या निवडूनच आनले!" या न्यायाला काय म्हणावं, मला अजून कळलेलं नाही.

असा माणूस मोतीबिंदूसाठी लेन्स निवडायला बसला. मुलगी पुण्याला, काकू लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या, तेव्हा सोबतीला मी.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "काका, लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी लेन्स तुमच्या डोळ्याच्या पडद्याला मानवणार नाही. लांबचं दाखवणारी टाकू, जवळच्याला चष्मा वापरा. बहुतेक सगळे हेच घेतात."

"सगळ्याइचं सोडा. भिंग दाखवा अगोदर."

बाईंनी लेन्सची बंद डबी दाखवली. काकांनी ती कानाशी हलवली. मला तिथल्या तिथे गडप व्हावंसं वाटलं.

"जवळचं टाका," काकांनी निकाल दिला.

"अहो, मग रस्ता, एसटीची पाटी, मळ्यात शिरलेलं जनावर, सगळ्याला चष्मा लागेल."

"लावतो ना. लांबच्याले लावतो. जवळच्याले नाही लावत."

"पण का?"

"डोळा कोनाचा हाये?"

"तुमचाच."

"मंग?"

मुलीने फोनवर विनवण्या केल्या. मीही वाद घातला, तर म्हणाले, "तुमी तुमच्या डोळ्यात टाका लांबचं." मी चिडलो. जवळच्या चष्म्याशी या माणसाचं वैर जुनंच. बाजारातून आणलेला चष्मा चार दिवसांत मोडका दिसायचा, आणि विचारलं की "मोडला त मोडला" एवढंच उत्तर. हट्टापायी डोळ्यांचं वाटोळं करतोय म्हातारा, असं मी घरी बोलूनही दाखवलं. लेन्स अखेर जवळचीच बसली.

डोळा बरा झाल्यावर लांबचा चष्मा मिळाला, त्या दिवशी मी त्यांना घरापर्यंत सोडलं. दाराशी काकांनी चपला काढल्या आणि चष्माही काढून बाहेरच्या कोनाड्यात ठेवला.

"चष्मा कशाला काढता?" मी विचारलं.

"तुमची काकू भेते, भाऊ. लकवा झाला तवापासून चष्मा दिसला का वळखतच नाही मले. परका मानूस जवळ आला म्हनून रडते, वढून फेकून देते. अन् बिनचष्म्यानं कुंकू लावलं त वाकडं लागे. आरशात पाह्यलं का तोंड फिरवे."

"मग डॉक्टरीणबाईंना सांगायचं ना!"

काका एकदम तडकले. "बायको वळखत नाही, हे काय चारचौघात सांगाची गोष्ट हाये?"

काका आत गेले, खाटेवर टेकले, कुंकवाची डबी उघडून काकूंवर वाकले. काकूंचा चांगला हात सवयीने चष्मा ओढायला वर आला, त्यांच्या चेहऱ्यावर चाचपडला आणि गालावरच थांबला.

"पाह्य, मीच हाव," काका म्हणाले, आणि सरळ कुंकू लावलं.